मैदानाला मत नसतं



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते गृहस्थ पेशाने शिक्षक होते आणि हौसेने सोसायटीचे सेक्रेटरी. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याबद्दल शिव्याशाप. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच निष्ठेने केली. अशा माणसाच्या नावाने बोलायचं तर साहित्य किंवा अध्यात्म यांपेक्षा इमारत, भाडं आणि मैदान हा विषय जास्त शोभेल असं मला वाटलं. संयोजकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार.

उपनगरात हल्ली लग्नाच्या मांडवात दोन ओळखीचे भेटले की तब्येतीची चौकशी आटोपते आणि तिसऱ्या वाक्याला गाडी रुळावर येते: तुमची गेली का रिडेव्हलपमेंटला? मग कार्पेट किती, भाडं किती, कॉर्पस किती, पार्किंग मिळतंय का. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हे चार आकडे लोकांना तोंडपाठ असतात. चूक काहीच नाही. आयुष्यभर दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांत राहिलेल्या माणसाने कार्पेट मोजायचं नाही तर काय मोजायचं? माझी तक्रार वेगळी आहे. या चार आकड्यांत मैदान नाही, सभागृह नाही, बालवाडी नाही, संध्याकाळी बसायचा कट्टा नाही. या गोष्टींना सभासदत्व नसतं, त्यामुळे विशेष सर्वसाधारण सभेत त्यांना मतही नसतं. आज मी त्यांचं वकीलपत्र घेतलं आहे असं समजा.

थोडा इतिहास सांगावा लागेल. मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्याआधी, १९४८ मध्ये, बॉम्बे हाउसिंग बोर्ड स्थापन झालं होतं. औद्योगिक कामगारांसाठी केंद्राची अनुदानित घरांची योजना १९५२ ची. या साऱ्यांतून घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं टागोरनगर आणि कन्नमवारनगर, चेंबूरचं टिळकनगर, अंधेरीचं डी. एन. नगर, गोरेगावचं मोतीलालनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. १९७७ मध्ये बोर्डाची म्हाडा झाली आणि या वसाहती तिच्याकडे आल्या. मुंबईत अशा लहानमोठ्या शंभरहून जास्त वसाहती आहेत. कन्नमवारनगर हे नाव महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं. पदावर असतानाच, १९६३ मध्ये ते गेले. दोनशेहून अधिक इमारतींच्या त्या वसाहतीत किती जणांना हे माहीत असेल याची मला शंका आहे, पण तो आजचा विषय नाही.

या वसाहती आखणाऱ्यांकडे पैसा कमी होता आणि जमीन भरपूर. म्हणून घरं लहान झाली आणि दोन इमारतींमधली जागा मोठी राहिली. आतली खोली एक, बाहेरचं अंगण सर्वांचं. परीक्षेच्या दिवसांत मुलं जिन्याखालच्या दिव्यात अभ्यास करायची, लग्नाचा मांडव दोन इमारतींच्या मध्ये पडायचा, गणपती, दहीहंडी, कबड्डीचे सामने आणि आपल्या या मालेसारख्या माला तिथेच वाढल्या. घर अपुरं होतं, त्याची भरपाई वसाहत करत होती. आपण आज घर पुरेसं करतो आहोत आणि भरपाई काढून घेतो आहोत.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं स्मरणरंजन आहे. तसं समजू नका. जुन्या इमारतींचं गुणगान करायला मी आलेलो नाही. स्लॅबचं प्लास्टर ताटात पडतं, सळया उघड्या पडल्यात, चौथ्या मजल्यावरची आजी वर्षानुवर्षं खाली उतरलेली नाही कारण लिफ्ट नाही, हे मी पाहिलं आहे. महापालिका तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करायला लावते, ते हौसेखातर नव्हे. २५ जुलै २०१७ ला घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्कमधली साईसिद्धी इमारत कोसळली आणि सतरा जण गेले. तळमजल्यावर फेरफार करताना खांबांना हात लागला होता. अशा बातमीनंतर ‘जुनं ते सोनं’ म्हणायची कुणाची छाती होईल? इमारती पाडाव्या लागतील, नव्या बांधाव्या लागतील. पाडताना आणखी काय पडतं, एवढंच बघायचं आहे.

आता जरा हिशेबात शिरू. कंटाळू नका, कारण सगळी मेख इथे आहे.

जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल, तो चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपला एफएसआय. उपनगरात तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक होता. त्याच नियमावलीने टीडीआर, म्हणजे दुसरीकडे नेऊन वापरता येणारा बांधकामाचा हक्क आणला, आणि तो उगमाच्या उत्तरेकडे वापरायचा असा दंडक घातला. त्यामुळे दक्षिणेकडचा भार उत्तरेकडे सरकत उपनगरांच्या डोक्यावर उतरला. म्हाडाच्या वसाहतींसाठी नियमावलीत कलम ३३(५) आहे. त्याखाली २००८ मध्ये अडीच आणि २०१३ मध्ये तीन एफएसआय मिळाला. जुन्या घरापेक्षा ३५ टक्के जास्त आणि कमीत कमी ३५ चौरस मीटर, असं रहिवाशाला किमान घर द्यावं लागतं. विकासक स्पर्धेमुळे त्याहून जास्त देतात. इथवर ठीक.

पण म्हाडाच्या वसाहतीत एफएसआय मोजताना एकट्या इमारतीखालची जमीन बघत नाहीत. सगळ्या अभिन्यासाचा, म्हणजे लेआउटचा हिशेब होतो आणि शिल्लक राहिलेलं बांधकाम क्षेत्र इमारतींना प्रमाणात वाटलं जातं. याला सगळे ‘प्रोरेटा’ म्हणतात. म्हणजे आपल्या इमारतीचा बावीस मजली मनोरा उठतो तेव्हा त्यातले काही मजले वसाहतीच्या सामाईक जमिनीच्या जोरावर उठलेले असतात. मैदान जागेवर दिसतं, पण त्याची ताकद कुणाच्या तरी बेडरूममध्ये गेलेली असते. शिवाय ‘टिटबिट’ नावाचा एक प्रकार आहे. दोन इमारतींच्या मध्ये, कोपऱ्यात, कुंपणालगत उरलेल्या तुकड्याला हे लाडकं नाव. हा तुकडा लगतच्या संस्थेला जोडून देता येतो. कागदावर तो निरुपयोगी तुकडा असतो. प्रत्यक्षात तिथे पिंपळाचा पार असतो, किंवा मंडळाची खोली, किंवा इस्त्रीवाल्याचं टेबल.

यात कुणी चोरी करतं असं मी म्हणत नाही. सगळं नियमाने चालतं. अडचण अशी की प्रत्येक संस्था आपापल्यापुरता नियम पाळते आणि चाळीस संस्थांनी चाळीस वेळा नियम पाळला की वसाहत संपते. कन्नमवारनगरात आज फिरून या. एका बाजूला जुनी चार मजली इमारत, शेजारी काचेचा मनोरा, त्याला पत्र्याचं कुंपण, पुढे खणलेला खड्डा, पुन्हा जुनी इमारत. प्रत्येक मनोऱ्याला स्वतंत्र गेट, स्वतंत्र सुरक्षारक्षक, स्वतंत्र व्यायामशाळा. एका मनोऱ्यातलं पोर शेजारच्या मनोऱ्यात खेळायला गेलं तर वॉचमन फोन करून विचारतो, कुणाकडे जायचंय? पूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर पोरानेच त्याला वेड्यात काढलं असतं.

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, संस्थांचा सल्लागार म्हणून काम करतो. विकास करारनाम्याचे मसुदे माझ्या टेबलावर येतात. एक मसुदा कसा असतो ते सांगतो. ऐंशी-नव्वद पानं. सुविधांच्या परिशिष्टात हॉलमधल्या टाइल्स किती बाय किती, स्वयंपाकघरातल्या ओट्याला कोणता ग्रॅनाइट, नळ कोणत्या कंपनीचे, बाथरूमच्या भिंतीला लाद्या कुठवर, व्हिडिओ डोअरफोन, गीझर, सगळं बारीक टाइपात. अर्थात हे बारीक लिहायलाच हवं, नाहीतर नळ गळतात. मग सामाईक सुविधा शोधायला जावं तर अर्धी ओळ: ‘नियमांनुसार सोसायटी ऑफिस, फिटनेस सेंटर व मनोरंजनाची मोकळी जागा.’ संपलं. आता नकाशा उघडा. सोसायटी ऑफिस ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला लागून. फिटनेस सेंटर आठव्या मजल्यावर, कारण ते एफएसआयमध्ये धरत नाहीत. मोकळी जागा म्हणजे हिरव्या रेघांचा पट्टा. तो पाहावा तर अर्धा पोडियमवर, उरलेला कंपाउंडच्या भिंतीला चिकटून दोन-अडीच मीटर रुंद, मध्ये अग्निशमन गाडीची वाट. त्या पट्ट्यात क्रिकेट सोडा, दोन म्हाताऱ्यांना शेजारी शेजारी चालता येणार नाही. नियमातलं क्षेत्रफळ मात्र चौरस सेंटिमीटरपर्यंत बरोबर भरतं. मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. पुढच्या नियमावलीत पोडियमने पुन्हा थोडी जागा मिळवलीच. पोडियमवर झाड लावता येतं, पण वडाचं नाही. आणि पावसाचं पाणी तिथे मुरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या उपनगरात उघडी माती ही चैन समजणं मला परवडणारं वाटत नाही.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे पुनर्विकासाबाबतचे शासनाचे निर्देश २००९ मध्ये आले आणि २०१९ मध्ये सुधारले. विकासक कसा निवडायचा, उपनिबंधकांचा प्रतिनिधी सभेला कसा हजर हवा, सभेचं चित्रीकरण कसं करायचं, ५१ टक्के संमती कशी घ्यायची, सगळं त्यात आहे. चांगली गोष्ट आहे, त्यापूर्वी कमिटीच्या खोलीत काय काय ठरायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण हे सगळे निर्देश एका संस्थेसाठी आहेत. वसाहतीने एकत्र बसून काय करायचं, याबद्दल कायदा जवळजवळ मुका आहे.

मग उपाय म्हणून दुसरं टोक पुढे येतं: सगळी वसाहत एकाच हाती द्या. गोरेगाव पश्चिमेला या टोकाची दोन उदाहरणं शेजारी शेजारी आहेत. पहिलं सिद्धार्थनगर, म्हणजे पत्राचाळ. ६७२ कुटुंबं, ४७ एकर जमीन, २००८ मध्ये म्हाडा, संस्था आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार. लोकांनी घरं सोडली. पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहायच्या आधीच विक्रीचं बांधकाम क्षेत्र दुसऱ्या विकासकांच्या हाती गेलं, पुढे भाडंही बंद पडलं, प्रकरण पोलिसांत आणि मग अंमलबजावणी संचालनालयात गेलं. २०१६ च्या म्हाडाच्या सोडतीत इथे घर लागलेली ३०६ कुटुंबंही हात चोळत बसली. शेवटी राज्य सरकारने काम म्हाडाकडे सोपवलं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा भूमिपूजन झालं. राजकारणातली नावं गाजली, ती तुम्हाला ठाऊक आहेत. माझ्या डोळ्यांपुढे येतात ते पंधरा वर्षांत भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात गेलेले लोक. कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी गावी. पंधरा वर्षांत पोरगं बालवाडीतून कॉलेजात जातं. ज्या वसाहतीत परतायचं ती वसाहत कुणाच्या डोक्यात शिल्लक राहणार?

दुसरं उदाहरण मोतीलालनगर. सुमारे १४२ एकर, साडेतीन हजारांहून अधिक घरं, १९६० च्या दशकातली बैठी वसाहत. २०२५ मध्ये म्हाडाने तिथे अदानी समूहातल्या कंपनीची बांधकाम आणि विकास संस्था म्हणून निवड केली, आणि रहिवाशांना १,६०० चौरस फुटांचं घर जाहीर झालं. हा आकडा ऐकून माझ्या ओळखीच्या एका काकूंनी विचारलं, एवढं झाडायचं कुणी? विनोद सोडा. एवढ्या मोठ्या अभिन्यासात शाळा, दवाखाना, बाग, मैदान नीट आखण्याची संधी असते हे खरं. तुकड्या-तुकड्याने ती कधीच येत नाही. पण संधी आणि हमी यांत फरक आहे, आणि एकाच हाती सगळं गेल्यावर रहिवाशाकडे मोलभाव करायला काय उरतं याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. नळाच्या कंपनीवर तो भांडू शकतो. मैदान कुठल्या दिशेला असावं यावर त्याला कोण विचारतं?

मला सापडलेला सगळ्यात चांगला धडा आणखी उत्तरेला आहे, कांदिवलीच्या चारकोपला आणि बोरिवलीच्या गोराईला.  १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात घर बांधून द्यायचं नाही, भूखंड आणि सेवा द्यायच्या अशी कल्पना होती. गरीब कुटुंबाला पंचवीस-तीस चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोतं, संडास-मोरी, पाणी, वीज, रस्ता. वरचं घर तुम्ही बांधा, ऐपत येईल तसं. काही मोठे भूखंड बाजारभावाने विकले आणि त्या पैशातून लहान भूखंड स्वस्त केले.

इथवर ही स्वस्त घरांची एक योजना. पण मला मोह पडतो तो तिच्या आखणीचा. पस्तीसेक भूखंडांचा एक गट, मधोमध सामाईक चौक, आणि त्या गटाची एक सहकारी संस्था. दारं चौकाकडे. चौकात गाडी येऊ शकते पण कुणी वेगाने येत नाही, कारण पोरं बसलेली असतात, डाळ वाळत असते, कुणाच्या तरी घराच्या वाळूचा ढिगारा पडलेला असतो. पस्तीस हा आकडा मला फार शहाणा वाटतो. पस्तीस घरांत सगळे सगळ्यांना ओळखतात, भांडण झालं तरी मिटवावं लागतं, आणि नळाचा व्हॉल्व्ह कोण बंद करतो हे लपून राहत नाही. दोनशे घरांच्या मनोऱ्यात कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून सीसीटीव्ही लागतो. बरं, हा चौक कुणी मेहेरबानीने दिलेला नव्हता. तो संस्थेच्या भाडेपट्ट्याच्या नकाशातच होता. घराआधी चौक होता. घरं नंतर बांधली गेली, तीही वर्षानुवर्षं, आणि चौक गिळायला कुणाला जमलं नाही कारण पस्तीस जोडी डोळे त्याच्यावर होते.

प्रकल्प १९९४ मध्ये संपला तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नाही. जागा ओसाड आहे, गरीब टिकणार नाहीत, विकून जातील, असे शेरे होते. वीसेक वर्षांनी बँकेच्याच अभ्यासकांनी पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा त्यांना दोन-तीन मजली घरांनी, दुकानांनी, शाळांनी भरलेली, चालती-बोलती वस्ती सापडली. अपयश समजलं ते यश होतं का, असा प्रश्न त्यांना निबंधाच्या शीर्षकातच विचारावा लागला. मूळचे सगळे तिथेच राहिले असं नाही. अनेकांनी विकलं, भाव चढले, मध्यमवर्ग आला. पण वस्ती टिकली आणि चौक टिकले. आता तिथल्या जमिनीवरही पुनर्विकासाची नजर आहे. चौकाच्या क्षेत्रफळाचा हिशेब नकाशावर सुरू झाला की मला धडकी भरते.

याच काळात गोरेगावच्या दिंडोशीला दुसरा प्रयोग झाला. मृणाल गोरे, बाबूराव सामंत, प. बा. सामंत आदींनी १९८१ मध्ये नागरी निवारा परिषद उभी केली. नागरी कमाल जमीन धारणा कायदा कागदावर होता, जादा जमिनी मालकांकडेच होत्या. त्या कायद्याखालची जमीन सामान्यांच्या घरांसाठी मागायची, असा लढा त्यांनी दिला आणि शेवटी सहा हजारांहून अधिक घरं उभी केली. ‘पाणीवाली बाई’ म्हणून आपण मृणालताईंना लक्षात ठेवतो, घरवाली बाई म्हणूनही ठेवायला हरकत नाही. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. म्हणजे आज तोच प्रयोग पुन्हा करायचा म्हटलं तर ते हत्यारच आपल्या हातात नाही.

वस्तीच्या सामाईक जागेत नुसता खेळ नसतो, स्मृतीही असते. घाटकोपर पूर्वेचं माता रमाबाई आंबेडकर नगर घ्या. ११ जुलै १९९७ ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक महामार्गावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. पूर्व द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्या माणसाला ती एक झोपडपट्टी दिसते. तिथल्या माणसाला तो पुतळा, ती जागा, ती तारीख दिसते. आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून रमाबाईनगर आणि कामराजनगर इथल्या सोळा हजारांवर कुटुंबांचं पुनर्वसन करत आहेत. पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे, त्याच्या आड काही घरं येतात, हेही त्यामागे आहे. घरं मिळाली पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण सोळा हजार घरांच्या आराखड्यात पुतळ्यासमोर जयंतीला, महापरिनिर्वाणदिनाला आणि ११ जुलैला माणसं उभी राहतील अशी जागा किती आणि कुठे, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर हवं. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात सुशोभीकरण म्हणून ते येता कामा नये.

झोपडपट्टी पुनर्वसनाचा अनुभव मला या बाबतीत निश्चिंत होऊ देत नाही. १९९५ पासून ही योजना चालू आहे. घराचं क्षेत्रफळ २२५ वरून २६९, मग ३०० चौरस फूट झालं. नियमात ठरावीक कुटुंबांमागे बालवाडी, कल्याण केंद्र, संस्थेचं कार्यालय आहे. कित्येक ठिकाणी त्या बालवाडीत आज मोटरसायकली उभ्या असतात किंवा गोदाम असतं. आणि इमारतींमधलं अंतर! मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन इमारतींमध्ये तीनेक मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांना ना ऊन ना वारा, आणि क्षयरोगाचं प्रमाण त्याच घरांत जास्त. मोकळी जागा म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्याला मी तो अहवाल वाचायला देतो.

जगात कुणी हे बरं केलंय का? सिंगापूरने सरकारी वसाहतींच्या इमारतींचा तळमजला १९७० च्या दशकापासून मोकळा सोडायला सुरुवात केली. तिथे लग्नं लागतात, अंत्यविधीला माणसं जमतात, म्हातारे बुद्धिबळ मांडतात, बालवाड्या चालतात. आपल्याकडेही तळमजला मोकळा असतो, त्याला आपण स्टिल्ट म्हणतो आणि त्यात गाड्या भरतो. सिंगापूरचं सरकार कडक आहे, जमीन त्याच्या मालकीची आहे, ते सगळं इथे आणता येणार नाही. पण म्हाडाच्या वसाहतींतही जमीन सरकारी संस्थेचीच आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. भाडेपट्ट्याचा मालक म्हाडा आहे. नकाशावर चौक राखायची अट घालणं तिच्या हातात आहे.

आता थोडं स्वयंपुनर्विकासाबद्दल. म्हाडाचं अध्यक्षपद भूषवलेले वास्तुरचनाकार चंद्रशेखर प्रभू वर्षानुवर्षं हे सांगत आले: विकासकाचा नफा रहिवाशांनीच का घेऊ नये? शासनाने २०१९ मध्ये त्यासाठी निर्णय काढला, मुंबै बँकेने कर्ज द्यायला सुरुवात केली. आपल्या मुलुंडची पूर्वरंग, चारकोपची श्वेतांबरा, अशा संस्थांनी स्वतःच्या हिमतीवर इमारती बांधून दाखवल्या. हे काम सोपं नाही. कमिटीतल्या चार माणसांची तीन-चार वर्षं त्यात जातात. कर्जाचा हप्ता, कंत्राटदाराचं बिल, महापालिकेचा अधिमूल्याचा हप्ता, विक्रीची घरं वेळेत न गेली तर व्याजाची टांगती तलवार. विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर इथे तर विमानाच्या फनेल झोनमुळे उंचीच मिळत नाही, एफएसआय कागदावर राहतो. तरी एक फरक मी जवळून पाहिला. जिथे संस्था स्वतः बांधते, तिथे नकाशावर बसून वाद होतो तो विक्रीच्या घरांच्या संख्येवर तसा सभागृहावरही. एका सभेत तीन तास वादावादी झाली: एक विक्रीचं घर कमी करून तळमजल्यावर हॉल ठेवायचा का? प्रत्येकाच्या वाट्याला किती रुपये येतात, हा हिशेब फळ्यावर मांडला. हॉल चार मतांनी जिंकला. चार मतंच. पण मैदानाच्या बाजूने कुणी हात वर केला, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

संस्थांनी काय करावं, असं मला नेहमी विचारलं जातं. माझ्याकडे आदर्श आराखडा नाही, पण काही व्यवहारी गोष्टी आहेत. एकाच अभिन्यासातल्या आठ-दहा संस्थांनी विकासक निवडण्याआधी एकत्र बसावं. विकासक वेगवेगळे निवडले तरी चालेल, पण सामाईक जागांचा एक नकाशा सगळ्यांनी सही करून आधी म्हाडाकडे द्यावा, आणि प्रत्येकाच्या करारनाम्याला तो परिशिष्ट म्हणून जोडावा. त्या नकाशात मैदानाचं माप नुसतं क्षेत्रफळात लिहू नये, रुंदी लिहावी. वीस मीटर रुंदीच्या आत मोकळी जागा धरणार नाही, एवढं एक वाक्य घातलं तरी कंपाउंडलगतच्या पट्ट्यांचा खेळ थांबतो. भाड्याची हमी मागता तशी सभागृहाचीही मागावी: विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळायच्या आधी सभागृह, बालवाडी आणि मैदान ताब्यात. पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या रहिवाशांसाठी मैदान एकच असावं, दोन गेटं आणि मध्ये भिंत नको. विक्रीचे रहिवासी कुरकुर करतील. करू देत. दोन गणेशोत्सवांनंतर वर्गणीच्या यादीत त्यांचीच नावं वर असतात.

आणि देखभाल. हा मुद्दा सगळे टाळतात. सभागृह मिळालं, आता त्याचं वीजबिल कोण भरणार, रंग कोण काढणार, छत गळलं तर? दहा संस्थांचा एक नोंदणीकृत महासंघ असेल तर हे जमतं. प्रत्येक सभासदाच्या मासिक सेवाशुल्कात वेगळी रक्कम, बारसं-मुंज-वाढदिवसाला माफक भाडं, आणि कॉर्पसचा ठरावीक हिस्सा महासंघाच्या खात्यात. कॉर्पस आला की तो सभासदांत वाटून टाकायची घाई असते. पुढे लिफ्टचा मोठा खर्च निघाला की तीच मंडळी सेक्रेटरीच्या दारात येतात. बालवाडीसाठी अंगणवाडीशी किंवा एखाद्या चांगल्या संस्थेशी करार करावा आणि तो दर तीन वर्षांनी तपासावा, म्हणजे तिथे मोटरसायकली उभ्या राहत नाहीत. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून चालू आहे. तो इमारतीच्या भिंतींवर टिकलेला नाही. दरवर्षी कुणीतरी हिशेब मांडतं, कुणीतरी कार्यक्रम लावतं, कुणीतरी खुर्च्या उचलतं, म्हणून टिकला आहे.

उपनिबंधकांकडे महासंघ नोंदवायचा अर्ज कसा करायचा, याची माहिती आणि एका मसुद्याची प्रत मी सोबत आणली आहे. ज्यांच्या इमारतींची सभा लागली आहे त्यांनी ती जाताना टेबलावरून घ्यावी. प्रश्नोत्तरांत रुंदीच्या अटीबद्दल जरूर विचारा, कारण विकासकाचे वास्तुरचनाकार तिच्यावर पहिला आक्षेप घेतात आणि त्यांचे तीन ठरलेले युक्तिवाद आहेत.